कल्पिताचा अपराध : ‘प्लेमेकर्स’ प्रकरण आणि क्रीडाव्यवहाराचे नाट्यरूप

१

कलाकृतींवरील नियंत्रणाचा इतिहास लिहिताना मराठी समीक्षेसमोर सहसा दोनच प्रतिपक्षी उभे राहतात : शासन आणि जमाव. ‘सखाराम बाइंडर’ला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने अडवले, तेव्हा कमलाकर सारंग न्यायालयात गेले. ‘घाशीराम कोतवाल’ला (१९७२) समाजाच्या एका गटाने विरोध केला, मूळ संस्थेने प्रयोग थांबवले आणि त्यातून १९७३ साली थिएटर अकॅडमी उभी राहिली. या दोन्ही प्रसंगी नाटकाला विरोध करणारा दिसत होता. त्याच्या विरोधाला तारीख होती, कागद होता आणि त्याच्याशी वाद घालता येत होता. सारंगांचे ‘बाइंडरचे दिवस’ लिहिले जाऊ शकले ते यामुळेच. प्रतिपक्षी दृश्य असला की त्याच्याशी झालेल्या झगड्याची संहिता निर्माण होते.

नियंत्रणाचा एक तिसरा प्रकार मात्र या इतिहासात जवळजवळ नोंदला गेलेला नाही. तो म्हणजे कराराचा. यात बंदीहुकूम निघत नाही, मोर्चा येत नाही, न्यायालयात अर्ज दाखल होत नाही. दोन व्यापारी भागीदारांपैकी एकाची नाराजी दुसऱ्याला कळते आणि कलाकृती थांबते. दूरचित्रवाणीच्या नाट्यमालिकेला हा प्रकार विशेष जवळचा आहे, कारण तिथे कलाकृती आणि तिचा विषय हे पुष्कळदा एकाच वाहिनीच्या ताळेबंदात शेजारीशेजारी बसलेले असतात. अमेरिकेतील ‘प्लेमेकर्स’ या मालिकेचे २००३-०४ मधील प्रकरण हे त्याचे अत्यंत स्वच्छ उदाहरण होय. ते येथे तपासावयाचे आहे ते केवळ परदेशी कुतूहल म्हणून नव्हे. ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर, कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत, ज्या मैदानी खेळांवर लोकजीवन पोसले गेले आहे तेही आता त्याच व्यवस्थेत येऊ लागले आहेत. म्हणून त्या प्रकरणातील प्रश्न अखेरीस या भूमीवर आणून पाहणे आवश्यक ठरते.

२

ईएसपीएन ही क्रीडावाहिनी. सामने दाखवणे आणि सामन्यांविषयी बोलणे हा तिचा व्यवसाय. २६ ऑगस्ट २००३ रोजी तिने आपली पहिली नाट्यमालिका सुरू केली. जॉन आयझेन्ड्रॅथ हे तिचे निर्माते-लेखक. विषय होता एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचे अंतर्गत जीवन. संघाचे नाव ‘कूगर्स’. तो ज्या लीगमध्ये खेळतो तिला मालिकेत नावच नाही. ही अनामिकता सोयीची होती, पण तिने कोणाचीही फसवणूक होण्याजोगी नव्हती. अमेरिकेत या खेळाची इतकी मोठी लीग एकच : नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल.

मालिकेतील पात्रयोजना लक्षणीय आहे. डिमिट्रियस हॅरिस हा तरुण, लखलखता खेळाडू कोकेनच्या आहारी गेलेला आहे. लिऑन टेलर हा उतरणीला लागलेला ज्येष्ठ खेळाडू मैदानावर स्थान टिकवण्यासाठी धडपडतो आणि घरी पत्नीवर हात उगारतो. एरिक ओल्चिक हा बचावपटू, प्रतिस्पर्ध्याला कायमचे जायबंदी केल्याच्या अपराधभावाने आतून खचला आहे. पण जो आघात करताना कचरतो त्याला या खेळात जागा नाही. संघाचा मुख्य खेळाडू वेदनाशामकांवर उभा आहे. प्रशिक्षक स्वतःचा कर्करोग लपवतो आहे. समलैंगिक खेळाडूचे गुपित फुटते तेव्हा खोलीतल्या सहकाऱ्यांची शांतता हेच नाट्य होते. या साऱ्यांना जोडणारे सूत्र एकच : शरीर हे भांडवल आहे, ते झिजत आहे आणि झीज लपवणे हे सर्वांचे सामाईक कर्तव्य आहे.

लीगची प्रतिक्रिया तीव्र होती. आयुक्त पॉल टॅग्लियाब्यू यांनी ईएसपीएनची मालक कंपनी असलेल्या डिस्नेचे प्रमुख मायकेल आयझनर यांच्याकडे नाराजी पोहोचवली. खेळाडू संघटनेचे प्रमुख जीन अपशॉ यांनीही मालिकेवर टीका केली. एनएफएलच्या सामन्यांदरम्यान मालिकेच्या जाहिराती दाखवणे वाहिनीने थांबवले. मालिकेचे अकरा भाग पूर्ण झाले, ते ११ नोव्हेंबर २००३ रोजी. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने त्या वर्षातील दहा उल्लेखनीय दूरचित्रवाणी कार्यक्रमांत तिची गणना केली. प्रेक्षकसंख्याही वाहिनीला समाधान देणारी होती. तरीही फेब्रुवारी २००४ मध्ये ती पुढे न चालवण्याचा निर्णय जाहीर झाला. वाहिनीचे अधिकारी मार्क शापिरो यांनी कारण लपवले नाही. आपल्या भागीदाराला इतक्या थरापर्यंत दुखावणे हा आपला व्यवसाय नव्हे, असा त्यांच्या स्पष्टीकरणाचा आशय होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, वर्षाला सुमारे १.१ अब्ज डॉलर मोजून ईएसपीएनने लीगच्या सोमवार-रात्रीच्या सामन्यांचे हक्क मिळवले. या दोन घटनांत कार्यकारणभाव सिद्ध करण्याची गरज नाही. ज्या संबंधात एवढी रक्कम खेळते त्या संबंधाचे वजन अकरा भागांच्या मालिकेला पेलणारे नव्हते, एवढे पुरेसे आहे.

३

या प्रकरणातील खरा समीक्षात्मक प्रश्न असा की, लीगला नेमके काय झोंबले? मालिकेतील एकही आरोप वृत्तपत्रवाचकाला नवा नव्हता. कॅरोलिना संघाचा रे कॅरुथ हा खेळाडू गर्भवती मैत्रिणीच्या हत्येच्या कटात २००१ साली दोषी ठरला होता. अमली पदार्थांसाठी निलंबन, घरगुती हिंसाचाराचे खटले यांच्या बातम्या येतच होत्या आणि ईएसपीएन स्वतः त्या देत होती. त्या बातम्यांसाठी लीगने वाहिनीशी असे वैर धरले नव्हते. मग जे वृत्त म्हणून चालते ते नाट्य म्हणून का चालू नये?

उत्तर अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तील त्या सुपरिचित भेदात सापडते. इतिहास जे घडले ते सांगतो, काव्य जे घडू शकते ते सांगते. म्हणून इतिहासाचा रोख विशेषाकडे असतो आणि काव्याचा सामान्याकडे. बातमीला नाव असते. अमुक खेळाडू, अमुक दिवशी, अमुक गुन्हा. नाव हीच संस्थेची सुटकेची वाट असते : त्या नावाला निलंबित करता येते, दंड करता येतो, संघातून काढता येते आणि संस्था निष्कलंक राहते. बातमी जितक्या अधिक नावांची, तितकी संस्थेची शिस्तही अधिक दिसते. कल्पित पात्राला मात्र काढून टाकता येत नाही. डिमिट्रियस हॅरिस कोणीच नसल्यामुळे तो कोणीही असू शकतो. भट्टनायकाने रसचर्चेत साधारणीकरणाची संकल्पना मांडली तेव्हा त्याच्यासमोर आस्वादाचा प्रश्न होता. परंतु व्यक्तिविशेषापासून सुटलेला भाव प्रेक्षकाच्या मनात सर्वसाधारण रूप धारण करतो, या निरीक्षणात एक राजकीय शक्यताही दडलेली आहे. प्रेक्षक अमुक खेळाडूचे व्यसन पाहत नाही; व्यसन ज्या व्यवस्थेत पिकते ती व्यवस्था पाहतो. बातमी व्यक्तीला आरोपी करते, नाट्य रचनेला. आणि रचनेला निलंबित करता येत नाही.

फिलाडेल्फिया संघाचे मालक जेफ्री लुरी यांचा त्या वेळी गाजलेला प्रतिवाद या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मिनी माउसला पाब्लो एस्कोबारच्या रूपात दाखवले आणि मॅजिक किंगडम ही अमली पदार्थांची टोळी ठरवली तर डिस्नेला ते कसे वाटेल, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी केला होता. उपमा डिस्नेला टोचण्यासाठी योजलेली. पण ती योजणाऱ्याविषयीच अधिक बोलते. मिनी माउस हे स्वतःच कल्पित आहे. आपल्या लीगची तुलना त्यांनी एखाद्या कारखान्याशी, रुग्णालयाशी वा विद्यापीठाशी केली नाही. व्यंगचित्रातल्या उंदरीशी केली. म्हणजे बचाव करावयाचा होता तो वस्तुस्थितीचा नव्हे, दुसऱ्या एका कल्पिताचा. व्यावसायिक लीग ही खेळांची व्यवस्था असते, तशी ती एका महाकथेची निर्मितीही असते : शौर्य, निष्ठा, बंधुभाव, गावाचा अभिमान. प्रक्षेपणातील संथगती दृश्ये, समालोचनाची भाषा, सामन्यापूर्वीची गीते ही त्या महाकथेची चिन्हव्यवस्था. ‘प्लेमेकर्स’ने त्याच चिन्हव्यवस्थेचा वापर करून, त्याच पडद्यावर, त्या महाकथेची विपरीत आवृत्ती सांगितली. संघर्ष सत्य आणि असत्य यांच्यात नव्हता. दोन कल्पितांत होता, आणि त्यांपैकी एक दुसऱ्याचे भाडे भरत होते.

म्हणूनच माध्यम निर्णायक ठरते. माजी खेळाडू पीटर जेन्ट यांची ‘नॉर्थ डॅलस फॉर्टी’ ही कादंबरी १९७३ साली आली, १९७९ साली तिच्यावर चित्रपट निघाला. वेदनाशामकांची इंजेक्शने आणि मालकांची निर्दयता तिच्यातही होती. ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘एनी गिव्हन संडे’ला (१९९९) लीगने संघांची नावे-चिन्हे वापरू दिली नाहीत, दिग्दर्शकाने काल्पनिक लीग रचली आणि चित्रपट झाला. ग्रंथव्यवहार आणि चित्रपटगृह यांचा लीगशी करार नव्हता. बंगालीत मती नंदी यांनी ‘स्ट्रायकर’, ‘स्टॉपर’, ‘कोनी’ या कादंबऱ्यांतून कलकत्त्याच्या क्रीडाविश्वातील राजकारण मांडले तेही अशाच मोकळ्या जागेत. जागा बदलली की तीच कथा अपराध होते.

४

येथे लीगच्या बाजूने मांडता येण्याजोगा एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. सामान्यीकरण हेच नाट्याचे बळ असेल, तर तोच त्याचा अन्यायही असू शकतो. एनएफएलमधील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. मालिकेतील व्यसनी तारा आणि पत्नीला मारणारा ज्येष्ठ हे दोघेही कृष्णवर्णीय आहेत. ज्या समाजात काळ्या पुरुषाचे शरीर आधीच हिंसा आणि नशेच्या प्रतिमांनी वेढलेले आहे तिथे अशी पात्रे रचणे निर्दोष नव्हे. दलित साहित्याच्या संदर्भात मराठी समीक्षेने हा प्रश्न वारंवार विचारला आहे : कोणाच्या वतीने कोण बोलतो, आणि सामान्य म्हणून कोणाला उभे केले जाते?

तथापि या आक्षेपाचे दोन आवाज वेगळे केले पाहिजेत. खेळाडूचा आक्षेप आणि मालकाचा आक्षेप एकाच वाक्यात मांडला गेला तरी त्यांचा अर्थ एक नसतो. खेळाडू म्हणतो, ‘मी असा नाही’. मालक म्हणतो, ‘आमचा माल असा नाही’. पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे ते अधिक सूक्ष्म, अधिक चांगल्या लेखनाचे. आणि मालिका पुढे चालू राहिली असती तरच ते देता आले असते. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर एकच होते, आणि तेच दिले गेले. परिणामी ज्याची मानहानी झाली असे म्हटले गेले त्या खेळाडूलाही पडद्यावर स्वतःची अधिक न्याय्य प्रतिमा मिळाली नाही. त्याला शांतता मिळाली.

पुढील काळाने त्या शांततेची किंमत दाखवून दिली. ‘प्लेमेकर्स’ बंद झाल्याच्या पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, बेनेट ओमालू यांचा माइक वेब्स्टर या दिवंगत खेळाडूच्या मेंदूच्या विकाराविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डोक्यावरील वारंवार आघातांचा प्रश्न त्यानंतर दडपता आला नाही. २०१३ साली माजी खेळाडूंच्या दाव्यांवर लीगने ७६.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. त्याच वर्षी या विषयावरील ‘लीग ऑफ डिनायल’ या माहितीपटाच्या प्रकल्पातून ईएसपीएनने प्रसारणापूर्वी आपले नाव काढून घेतले. रचनेवर बोट ठेवू लागले की वृत्तालाही कल्पिताचेच प्राक्तन येते, असा या घटनेचा अर्थ लावता येतो.

५

भारतीय कायद्याने अशा प्रसंगी कोणते संरक्षण दिले असते? दूरचित्रवाणी-मालिकांविषयीचे दोन महत्त्वाचे निर्णय १९८८ सालचे आहेत, आणि दोन्हींचा उगम मुंबईत आहे. भीष्म साहनींच्या कादंबरीवरील, गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘तमस’वर बंदी मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही तोच मार्ग धरला आणि कलाकृतीचा परिणाम कमकुवत वा चंचल मनाच्या निकषावर नव्हे, तर विवेकी व धीराच्या माणसाच्या निकषावर मोजला पाहिजे, या नागपूरच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेल्या कसोटीचा आधार घेतला. ‘होनी अनहोनी’ ही मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून लोकविज्ञान संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने तेथील मनाई उठवली. नियमांच्या अधीन राहून दूरदर्शनवर आपली कृती दाखवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला गेला.

या न्यायविचाराला पुढचे वळण दिले ते क्रिकेटने. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले, आणि शासकीय मक्तेदारीइतकाच खासगी मक्तेदारीचा धोकाही ओळखला. परंतु २००५ च्या झी टेलिफिल्म्स प्रकरणात क्रिकेट नियामक मंडळ हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुच्छेदातील ‘राज्य’ नव्हे, असे बहुमताने ठरले. २०१५ साली मंडळाची कार्ये सार्वजनिक स्वरूपाची असल्याचे न्यायालयाने अधोरेखित केले; तरी मूळ पेच कायम राहतो. मूलभूत हक्क मुख्यतः राज्याविरुद्ध मागता येतो. वाहिनीने स्वतःच्याच मालिकेला ‘आता पुरे’ म्हटले, तर कोणी कोणाविरुद्ध जावे? निहलानींना न्यायालय होते. आयझेन्ड्रॅथ भारतात असते तर त्यांना तेही नसते.

६

भारतीय पडद्यावरील पुरावा या निष्कर्षाला दुजोरा देतो. मे २०१३ मध्ये आयपीएलमधील स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपांवरून तीन खेळाडूंना अटक झाली. २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या संघांना दोन वर्षांसाठी बाहेर ठेवले. या अनुभवाची छाया असलेली ‘इनसाइड एज’ ही मालिका जुलै २०१७ मध्ये आली. ‘पॉवरप्ले लीग’ आणि ‘मुंबई मॅव्हरिक्स’ ही तिची काल्पनिक भूमी. सट्टा, नशा, मालकांचे व्यवहार आणि संघातील जातीय अवहेलना हे तिचे विषय. ती तीन हंगाम चालली. ती ज्या अ‍ॅमेझॉनच्या मंचावर आली त्याच्याकडे आयपीएलचे प्रक्षेपणहक्क नव्हते. उलट, ज्यांच्याकडे हक्क होते त्या स्टार समूहाच्या हॉटस्टारवर मार्च २०१९ मध्ये ‘रोअर ऑफ द लायन’ हा माहितीपट आला. त्याचा विषय बंदीनंतर चेन्नईचे पुनरागमन. बंदी येथे प्रश्न राहिली नाही. नायकाच्या परीक्षेचा कालखंड झाली. एकाच इतिहासाची दोन रूपे, आणि कोणते रूप कोणत्या पडद्यावर यावे हे हक्कांच्या वाटपाने जणू आधीच ठरवलेले. यासाठी कोणी कोणाला दूरध्वनी करण्याचीही गरज नसते. ‘प्लेमेकर्स’मध्ये जी नाराजी उघड बोलली गेली ती पुढे व्यवस्थेच्या अंगवळणी पडली.

आता हा प्रश्न कळव्याच्या मैदानावर आणता येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगारवस्त्या आणि खाडीकाठची आगरी-कोळी गावे यांच्या जीवनात कबड्डी आणि टेनिस चेंडूचे क्रिकेट यांचे स्थान करमणुकीपलीकडचे आहे. कबड्डीत ‘व्यावसायिक संघ’ या शब्दाचा महाराष्ट्रात रूढ अर्थ होता रेल्वेचा, तेल कंपनीचा किंवा महिंद्रासारख्या कंपनीचा संघ. खेळाडूच्या दृष्टीने व्यवसाय म्हणजे नोकरी, महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि त्या शब्दाचा अर्थ लिलाव असा झाला. २०१५ मध्ये ती लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समधील ७४ टक्के वाटा स्टारने घेतला. दाखवणारा आणि चालवणारा एकच झाला. टेनिस चेंडूच्या क्रिकेटनेही तीच दिशा धरली. गावोगावच्या स्पर्धा, बक्षिसातल्या मोटारसायकली आणि यूट्यूबवरचे प्रक्षेपण हा त्याचा पूर्वार्ध. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात, म्हणजे कळव्याहून खाडीपूल ओलांडल्यावर फार दूर नसलेल्या ठिकाणी, चित्रपटतारे मालक असलेली इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग भरली, हा उत्तरार्ध.

या स्थित्यंतरात मोठ्या कादंबरीचे, मोठ्या मालिकेचे द्रव्य आहे : नोकरी सोडून लिलावाची वाट पाहणारा चढाईपटू, गुडघा लपवणारा पकडीतला खेळाडू, मुलाच्या खेळावर कर्ज काढणारे घर. त्याला मराठी दूरचित्रवाणीवर जागा कुठे मिळेल? नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे माध्यमव्यवसाय जिओस्टारमध्ये एकत्र आले. आयपीएलचे दूरचित्रवाणी आणि डिजिटल हक्क, कबड्डी लीगमधील वाटा, आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी या दोन प्रमुख मराठी मनोरंजनवाहिन्या एका छताखाली आल्या. त्यातील मोठा भागीदार समूह मुंबई इंडियन्सचाही मालक आहे. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. पण अशा छताखाली बसलेल्या मराठी पटकथाकाराला काय सुचेल आणि काय सुचणारच नाही, हा आता वाङ्मयीन प्रश्न झाला आहे.

बंदी घातलेल्या संहितेचा अभ्यास समीक्षेला जमतो. न लिहिल्या गेलेल्या संहितेचा जमत नाही, कारण तिचा पुरावा उरत नाही. ‘प्लेमेकर्स’चे मोल तिच्या कलागुणांपेक्षा यात आहे. ती लिहिली गेली, दाखवली गेली आणि मग थांबवली गेली, म्हणून कराराने केलेले नियंत्रण तेवढ्यापुरते तरी उघड्यावर आले. मराठीत मात्र कादंबरी, कथा आणि नाटक या जागा अजून कोणत्याही लीगच्या भागीदार नाहीत. कळव्याच्या मैदानावरचा तो खेळाडू पडद्यावर यायला उशीर होणार असेल, तर तो आधी तिथे लिहिला गेला पाहिजे.